अकरा आठवड्यांचं जेवण

त्या दिवशी सकाळी पावणेअकराला मी चेन्नईच्या टोकाला, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, एका मीटिंगमध्ये बसले होते. टेबलावर उपडा ठेवलेला मोबाइल थरथरला. उचलून पाहिला तर मामींचं नाव. मामी म्हणजे वेस्ट मांबलममधल्या माझ्या घरमालकीण. जवळजवळ चार वर्षांत त्यांनी मला ऑफिसच्या वेळात एकदाही फोन केलेला नव्हता. कामावरच्या माणसाला मध्येच बोलवायचं नाही, असा त्या घराचा शिरस्ता. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. पलीकडून मामी म्हणाल्या, "अनघा, ये." तेवढंच. आवाज रोजचाच होता. मी खाली येऊन ऑटो केली. जुन्या महाबलीपुरम रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, जागोजागी खणलेलं. घरी पोचायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. सकाळी सव्वासातला मी जिना उतरत होते तेव्हा मामा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते, त्यांनी मला पाहून हात वर केला होता, आणि कंपनीची बस चुकेल म्हणून मी आत न जाता नुसता हात हलवून निघून आले होते.

सेतुमाधवरावांना जाऊन आता पाच आठवडे झाले. मी त्यांना मामा म्हणत असे. आख्खी गल्ली त्यांना 'स्टेनो सर' म्हणून ओळखायची. कोर्टात लघुलेखक म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. न्यायमूर्ती बोलत, साक्षीदार बोलत, वकील बोलत, आणि मामा तो शब्द न् शब्द कागदावर उतरवत. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना थोडी भीतीच वाटते. कोणी काही सांगायला लागलं की मामा मध्येच थांबवून विचारायचे, हे तो बोलला, की तुला वाटलं? म्हणून जे घडलं आणि जे बोललं गेलं तेवढंच लिहायचा प्रयत्न करते आहे.

मी दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईला आले. एकट्या मुलीला जागा द्यायला कोणी तयार नव्हतं. मांबलम स्टेशनाजवळच्या एका गल्लीतून पाट्या वाचत चालले असताना एक बाई फाटकात उभ्या राहून भाजीवालीशी तमिळमध्ये बोलत होत्या आणि बोलता बोलता मान वळवून घरात म्हणाल्या, "अहो, दार लावूं नका, मी येतें आहें." मी जागच्या जागी थांबले. तंजावरकडची ही मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या तिकडे आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. पण भर दुपारी, परक्या शहरात, असं वाक्य कानावर येईल असं वाटलं नव्हतं. मी मराठीत बोलले तेव्हा मामींनी मला आधी आत बसवून ताक दिलं आणि मग कोण, कुठली ते विचारलं. वरची खोली रिकामी होती. मामांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी मराठी नवी आहे. पण स्पष्ट आहे. राहा."

त्या घरात माझी सकाळ मामांच्या आवाजानं व्हायची. खालच्या पुढच्या खोलीत ते शॉर्टहँडचा वर्ग घेत. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या पाच-सहा मुली सव्वासहाला बाकांवर हजर असत आणि मामा हातात स्टॉपवॉच घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख एका संथ, सारख्या लयीत वाचून दाखवत. वर मी दात घासत असायची आणि खालून अर्थखात्याची धोरणं ऐकू येत असायची. लोक म्हणत, आता कम्प्युटर आले, हे शिकून काय उपयोग. मामा त्यावर वाद घालत नसत. त्यांच्या नोकरीतली एकच गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली होती. एका खटल्यात साक्षीदार 'बहुधा' असा शब्द बोलला होता. दुसऱ्या दिवशी एका वकिलांचं म्हणणं पडलं की तो तसं बोललाच नाही. न्यायमूर्तींनी मामांना वाचून दाखवायला सांगितलं, मामांनी वाचलं, आणि त्या 'बहुधा'नं खटल्याची दिशाच बदलली. मधल्या सुट्टीत कोणीतरी येऊन त्यांना म्हणालं, एका शब्दानं काय होतं? "त्याला मीं उत्तर दिलें नाहीं," मामा सांगायचे, "वहीच दाखविली."

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यानंतर त्यांचं जेवण कमी व्हायला लागलं. प्रथम मामींच्या लक्षात आलं. सार-भात दुसऱ्यांदा वाढायला गेलं की ते नको म्हणू लागले, मग पहिलाच अर्धा उरायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरांनी आम्लपित्त म्हणून गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत शर्टाची कॉलर मानेपासून सुटी दिसायला लागली. मग उलट्या सुरू झाल्या, आणि त्यातली एक गोष्ट मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितली: आज संध्याकाळी जे पडलं, त्यात कालच्या रात्रीची भाजी होती. म्हणजे अन्न पोटात तसंच बसून राहत होतं, पुढे जातच नव्हतं. मी त्यांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेले. दुर्बीण घातली, स्कॅन झाला. जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथेच, कर्करोगाची गाठ वाढून रस्ता बंद झाला होता. यकृतावरही डाग होते.

मामांचा मुलगा श्रीधर अमेरिकेत. एकुलता एक; तो मामांना अप्पा आणि मामींना अम्मा म्हणतो. रिपोर्ट मी त्याला स्कॅन करून पाठवले तेव्हा त्याचा लगेच फोन आला. त्याला तमिळ आणि इंग्रजी जेवढी सहज येते तेवढी मराठी येत नाही. त्या दिवशी तो इंग्रजीतच बोलला. अप्पांना काही कळता कामा नये, अम्मालाही नको, अल्सर आहे म्हणून सांग, मी सुट्टीची व्यवस्था करतो आहे. हातापाया पडल्यासारखा बोलत होता. मी हो म्हटलं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.

सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला आपल्या खोलीत बसवून कागदावर एक पिशवी काढली, तिच्या खालच्या टोकावर फुली मारली, आणि पिशवीच्या बाजूला लहान आतड्याचं एक वळण आणून जोडलं. इथून दुसरं दार करायचं, म्हणाले. गाठ काढता येणार नाही, ती पसरलेली आहे. या ऑपरेशननं आजार बरा होत नाही, आयुष्य वाढेल असंही मी सांगत नाही. हे फक्त त्यांना खाता यावं म्हणून. नाहीतर नाकातली नळी आणि सलाईन. दुर्बिणीतून आत जाळीची नळी बसवायचाही एक मार्ग असतो, पण या गाठीचा आकार पाहता ती नीट बसेल, टिकेल, असं त्यांना वाटत नव्हतं. धोका आहे का, विचारलं तर म्हणाले, आहे. वय आहे, अंगात प्रोटीन उरलेलं नाही, टाका भरून येईलच असं नाही. काही पेशंट यातून घरी जात नाहीत. आणि उघडल्यावर दार करायला जागाच मिळाली नाही तर तसंच शिवून बाहेर यावं लागेल. वीस मिनिटं ते बोलले. बाहेर आल्यावर श्रीधरला फोन लावला. तो म्हणाला, मग हे ऑपरेशन करायचंच कशासाठी? एकतर सगळं जठर काढा, नाहीतर त्यांना हात लावू नका. मधलं काही त्याला मान्य नव्हतं. मला तरी कुठे मान्य होतं... बरं न करणारं ऑपरेशन, हे शब्द शेजारी शेजारी बसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी खोलीत गेले. मामांच्या नाकात नळी होती, खाली बाटलीत हिरवट पाणी ठिबकत होतं. मामी कॅन्टीनला गेल्या होत्या. मामांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं आणि उशीखालून पॅड आणि पेन्सिल काढली.

"काल तूं डॉक्टराच्या खोलींत वीस मिनिटें होतीस," ते म्हणाले. "तो काय बोलला तें सांग."

मी ठरवलेलं सांगायला लागले. अल्सर जुना आहे, त्यामुळे रस्ता आकसला आहे, छोटं ऑपरेशन करून मोकळा करतील. मामांनी पेन्सिल कागदाला लावली नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "हे शब्द त्याचे नव्हेत. श्रीधराचे आहेत. मला त्याचे पाहिजेत."

मी म्हटलं, मामा, श्रीधरनं मला शपथ घातली आहे. त्यांनी मान हलवली. मग जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"कापायचें माझें पोट आहे. उद्यां कागदावर सही माझी. सही करणारास मजकूर ठाऊक पाहिजे, इतकेंच."

बाहेर कोणाची तरी ट्रॉली गेली. मग मी सांगितलं. डॉक्टर इंग्रजीत बोलले होते, म्हणून मीही इंग्रजीत, आठवेल तसं, त्यांच्याच क्रमानं सांगितलं. कर्करोग हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा पेन्सिल थांबली नाही. थांबली ती 'पॅलिएटिव्ह' या शब्दावर. "हा मला कोणी डिक्टेट केला नाहीं कधीं," मामा म्हणाले. "अर्थ?" मी म्हटलं, त्रास कमी करण्यासाठी केलेलं. बरं करण्यासाठी नाही. त्यांनी क्षणभर विचार करून त्या शब्दाची एक छोटीशी खूण कागदावर बसवली आणि म्हणाले, पुढें. सगळं झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मला ते वाचून दाखवलं, कोर्टात दाखवत असतील तसं, आणि विचारलं, बरोबर? मी हो म्हटलं. मामांचा आवाज इतका स्थिर होता की मला त्याचीच भीती वाटली. नंतर त्यांनी पॅड बंद केलं आणि उशीखाली सरकवलं. त्यांचा खालचा ओठ हलत होता.

मामी परत आल्या तेव्हा मामांनी मला दहा-वीस मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. दाराआडून काहीही ऐकू आलं नाही, रडणंही नाही. दार उघडून मामी बाहेर आल्या, हातात टिफिनचा रिकामा डबा होता. तो त्यांनी नळाखाली धरून नीट, आतून-बाहेरून घासला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "उद्यां येतांना माझें एक पातळ आण. मी येथेंच राहीन."

संमतीचा फॉर्म मामांनी ओळ न् ओळ वाचला. आवश्यक वाटेल ती इतर कोणतीही शस्त्रक्रिया, असं एक वाक्य त्यात होतं. ते त्यांनी खोडलं आणि शेजारी आपल्या हातानं लिहिलं: दार करता आलं तर करावं, न आल्यास बंद करून बाहेर यावं, अधिक काही करू नये. सर्जननी ते वाचलं, मामांकडे पाहिलं आणि त्याच्या खाली स्वतःची सही केली. त्या संध्याकाळी मी श्रीधरला सगळं खरं सांगितलं. पलीकडे आधी शांतता, मग एकच वाक्य आलं, इंग्रजीत: हा अधिकार तुला कोणी दिला? त्यानं फोन ठेवून दिला.

ऑपरेशनच्या सकाळी आत जायच्या आधी सर्जन आम्हाला म्हणाले होते, मी अर्ध्या-पाऊण तासात बाहेर आलो तर समजा, काही करता आलं नाही. दोन-अडीच तास लागले तर काम झालं. हॉस्पिटलात बसलेली माणसं लवकर आटपो म्हणून प्रार्थना करतात. मी आणि मामी, उशीर होऊ दे, म्हणून समोरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. वीस मिनिटं झाली. तीस. मामींच्या हातात काही नव्हतं, जपमाळही नाही. पदराचं टोक एका बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत होत्या. अडतिसाव्या मिनिटाला दार उघडलं आणि हिरवी टोपी घातलेला एक माणूस बाहेर आला. मामी उठून उभ्या राहिल्या. तो दुसऱ्याच कोणाचा डॉक्टर निघाला. त्या पुन्हा बसल्या, पण पुरत्या नाहीत, बाकाच्या कडेवर. पन्नास मिनिटं झाली असतील, तेव्हा नर्सनं दार किलकिलं करून विचारलं, सेतुमाधवराव, त्यांचं कोण आहे? नर्सला रक्ताच्या एका पिशवीसाठी सही हवी होती. मामींनी तमिळमध्ये सही केली, आणि नर्स वळायच्या आत तिला एकच विचारलं, अजून चाललं आहे? चाललं आहे, ती म्हणाली. मामींनी माझा हात धरला. मग आम्ही तास मोजला, सव्वा तास मोजला... दोन तास वीस मिनिटांनी सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, दार झालं. यकृतावर फोटोत दिसलं त्याहून जास्त आहे. पण दार झालं.

आता खाता येईल असं आम्हाला वाटलं होतं. तसं झालं नाही. चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशीही नाकातल्या नळीतून बाटली भरतच होती. रोज सकाळी नर्स बाटली उचलून मोजायची आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची. सर्जन म्हणाले, दार उघडं आहे, पण इतके महिने तुंबलेलं जठर दमलेलं आहे, ते हलत नाही. काहींचं दोन दिवसांत जागं होतं, काहींना दोन आठवडे लागतात. आणि नाहीच झालं तर? वाट पाहू, ते म्हणाले. याच दिवसांत श्रीधर येऊन पोचला. विमानतळावरून थेट हॉस्पिटलात. अप्पांना पाहिलं, नळी पाहिली, बाटली पाहिली, पोटावरचा टाका पाहिला आणि मला बाहेर बोलावून म्हणाला, ह्यासाठी? हे तू त्यांना मिळवून दिलंस? आठव्या दिवसापर्यंत माझंही तेच मत झालं होतं. मामांचे ओठ सोलवटले होते, हात सुयांनी निळे पडले होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो एक घोट पाणीसुद्धा त्यांच्या पोटात गेला नव्हता. ज्या माणसाजवळ मोजके आठवडे आहेत त्याचे हे दिवस आपण वाया घालवले, असं मनात येई. श्रीधर माझ्याशी बोलत नव्हता. एकदा खोलीतच तो काहीतरी टोचून बोलला, तेव्हा मामा डोळे मिटूनच म्हणाले, "तिला मीं विचारलें. तिनें उत्तर दिलें. राग माझ्यावर कर." त्यानंतर तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

दहाव्या दिवशी बाटली निम्मी होती. अकराव्या दिवशी पाव. बाराव्या दिवशी नळी चिमट्यानं बंद करून ठेवली, उलटी झाली नाही. तेराव्या दिवशी ती काढली आणि सर्जन म्हणाले, दोन चमचे शहाळ्याचं पाणी द्या आणि दोन तास वाट बघा. श्रीधरनं चमचा धरला. पहिला चमचा मामांच्या हनुवटीवर सांडला. दुसरा गेला, तिसरा गेला. मग आम्ही तिघं भिंतीशी उभे राहून मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. दोन तासांनी मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "असे उभे काय आहांत? खालीं गेलें तें." श्रीधर बाहेर निघून गेला. मी थोड्या वेळानं गेले तर तो जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. मला म्हणाला, बस. मी शेजारी बसले. आमच्यात त्याहून वेगळी अशी समेटाची भाषा झाली नाही.

सतराव्या दिवशी मामा घरी आले. मार्गळीचा महिना होता, म्हणजे आपला धनुर्मास; गल्लीत दारोदार तांदळाच्या पिठीच्या रांगोळ्यांची मोठमोठी कोलम काढलेली होती. ती मोडू नयेत म्हणून श्रीधरनं गाडी कोपऱ्यावरच थांबवली आणि मामा तेवढं अंतर आमच्या खांद्यांवर हात ठेवून चालत आले. सर्जननी सांगितलं होतं, एका वेळी ताटभर नाही; दिवसातून सहा वेळा, वाटीभर, सावकाश. मामांनी त्याचं वेळापत्रक टाइप करून स्वयंपाकघराच्या दाराला लावलं: साडेसहा, साडेनऊ, बारा, तीन, सहा, साडेआठ. आणि पहिल्याच दिवशी एक अडचण आली. ते घाईनं खात. पोटाला झेपायचं नाही, दुखायचं, एकदा उलटीही झाली. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, एकटे खातात का? कोणीतरी बरोबर बसून खा, आपोआप सावकाश होईल. मामी लग्न झाल्यापासून मामांच्या नंतर जेवत आल्या होत्या. वाढायचं, सगळं आवरायचं आणि मग आत बसून जेवायचं. त्यांना हे ऐकून अवघडल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी साडेनऊला टेबलावर दोन वाट्या आल्या. समोरासमोर बसून दोघं सार-भात खात होते, एक घास यांचा, एक त्यांचा, आणि मधे मामा काहीतरी वाचून दाखवत होते. मी जिन्यावरून पाहिलं आणि आत न जाता वर निघून गेले.

ते अकरा आठवडे सगळेच गोड होते असं मी लिहिणार नाही. पाठीत दुखायचं, गोळ्यांचा डोस वाढवावा लागायचा. काही दिवस सहापैकी तीन वाट्या तशाच परत जायच्या. श्रीधर तीन आठवडे राहून परत गेला, आणि जाताना ऑटोत बसल्यावर पुन्हा उतरून आत आला, काही विसरलं म्हणाला. विसरलं काहीच नव्हतं. पण पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, मामांनी दोन चमचे गोड पोंगल, तो गुळाचा भात, खाल्लं आणि गूळ कमी पडला म्हणून सांगितलं. दह्यात कालवलेली उडदाच्या पिठाची डांगर पचडी खाल्ली. एकदा मला बोलावून माझ्या हातचं पिठलं करायला लावलं, अर्धी वाटी खाल्लं आणि म्हणाले, ठीक आहे. वर्गही पुन्हा सुरू झाला. आवाज खाली गेला होता, म्हणून मुलींनी बाक ओढून त्यांच्या खुर्चीला चिकटवले होते. फेब्रुवारीत मुलींची परीक्षा झाली. त्यानंतर मामांचे डोळे पिवळे दिसायला लागले. मामांनी हॉस्पिटल नको म्हणून सांगितलं आणि तेही श्रीधरला स्वतः फोन करून, म्हणजे मधे कोणाला शब्द बदलावे लागू नयेत.

ते गेल्यानंतर मी एकदा सर्जनना भेटले. औषधं उरली होती, कोणाच्या उपयोगी पडतील का ते विचारायला गेले होते. निघताना विचारलं, सतरा दिवस हॉस्पिटल आणि अकरा आठवडे घर, हे बरोबर झालं का? ते म्हणाले, तुमच्या मामांसारखेच रिपोर्ट असलेल्या एका पेशंटला मी त्याच महिन्यात ऑपरेट केलं, ते घरी गेले नाहीत. कोणाला हे आठवडे मिळतील ते मला आधी सांगता येत नाही. म्हणून मी त्यांनाच विचारतो. ज्यांना विचारता येतं त्यांना.

परवा शनिवार होता. साडेनऊला मी खाली गेले. मामी टेबलाशी एकट्या बसून जेवत होत्या. ह्या वेळी जेवताना मी त्यांना गेले पाच आठवडे, सुट्टीच्या दिवशी, बघते आहे, आणि सवय राहिली असेल अशी समजूत करून घेतली होती. त्यांनी मलाही वाटी दिली. मग मामी आपणहून सांगायला लागल्या. त्या शेवटच्या सकाळी साडेनऊला त्यांनी दोन वाट्या आणल्या होत्या. मामांनी चार चमचे घेतले, पाचवा नको म्हणाले. त्यांचं झाल्यावर आपलं बघू, म्हणून मामींनी आपली वाटी तशीच बाजूला ठेवली होती. मामांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटूनच विचारलं, तूं जेवलीस?

"मी म्हटलें, जेवलें," मामी म्हणाल्या. "जेवलें नव्हतें. त्यांनीं पुन्हां कांहीं विचारलें नाहीं."

त्यांनी आणखी एक घास घेतला, सावकाश चावला, पाणी प्यायल्या.

"म्हणून रोज ह्या वेळेस बसतें. आधीं जेवतें, मग बाकीचें."

मी माझी वाटी संपवली. मामींनी भात वाढायला हात पुढे केला, आणि मी नको म्हणाले नाही.